पाण्यावर राहणारा संत: डेवी, सेंट डेव्हिड्स आणि १ मार्च

प्रश्न असा होता: आम्ही नुकतेच पुण्याहून कार्डिफला आलो आहोत. मुलीच्या शाळेतून निरोप आलाय की १ मार्चला सेंट डेव्हिड डे आहे, मुलांनी वेल्श पोशाख घालून यावं, लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) किंवा डॅफोडिल (पिवळं फूल) लावावं. हा संत कोण? तो खरोखर होऊन गेला का? त्याच्या नावाने भाजी का लावतात? आणि त्याच्या गावी मुद्दाम जाण्यासारखं काही आहे का?

मी वेल्समध्ये बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवते. मध्ययुगीन संतचरित्रं हा माझ्या आवडीचा अभ्यास आहे, आणि मुलांना नाहीतर पाहुण्यांना घेऊन सेंट डेव्हिड्सला वरचेवर जाणं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेवी होऊन गेले, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. वेल्श लोक त्यांना डेवी सान्त म्हणतात (सान्त म्हणजे संत), इंग्रजीत सेंट डेव्हिड. सहाव्या शतकात वेल्सच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला, आजच्या पेम्ब्रोकशायरमध्ये, त्यांनी मठ उभारला आणि तिथेच देह ठेवला. त्यापुढे मात्र जपून चालावं लागतं. त्यांचं पहिलं सलग चरित्र लिहिलं गेलं ते त्यांच्या मृत्यूनंतर पाचशे वर्षांनी, आणि लिहिणाऱ्याच्या मनात भक्तीइतकंच राजकारण होतं. काही लोक एवढ्यावरून सगळंच दंतकथा म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. कोणती गोष्ट कोणी, कधी आणि कशासाठी सांगितली हे लक्षात ठेवून वाचलं, तर या चरित्रातून एक फार करारी, कष्टाळू माणूस दिसतो, आणि शाळेतल्या रंगीत चित्रातल्या गोड संतापेक्षा तो मला कितीतरी मोठा वाटतो.

चरित्राच्या आधीचे पुरावे मोजके आहेत, पण चांगले आहेत. इसवी सन ८०० च्या सुमारास आयर्लंडमध्ये संतांच्या पुण्यतिथींची एक पद्यरचना झाली, तिच्यात १ मार्चला डेवींचं नाव येतं. म्हणजे तुमच्या मुलीच्या शाळेने कळवलेली तारीख निदान बाराशे वर्षं जुनी आहे, आणि ती समुद्रापलीकडेही ठाऊक होती. नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या आल्फ्रेड राजाच्या दरबारी गेलेला विद्वान अ‍ॅसर हा डेवींच्याच मठातला. स्थानिक राजा मठाला आणि त्याच्या जमिनींना त्रास देतो, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. दहाव्या शतकातल्या एका वेल्श कवितेत सॅक्सनांना, म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांना, हुसकावायला निघालेलं सैन्य डेवींचं निशाण पुढे घेऊन चालतं. आणि पश्चिम वेल्समधल्या केरेडिगियन भागातल्या ह्लानदेवी ब्रेवी या गावी एक कोरीव दगड आहे. इडनर्ट नावाचा कोणी माणूस डेवींच्या मालमत्तेच्या लुटीपायी मारला गेला, असं त्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड ल्विड या अभ्यासकाने ती अक्षरं उतरवून घेतली म्हणून आपल्याला वाचता येतात, कारण पुढे चर्चच्या बांधकामात तो दगड फोडून त्याचे तुकडे भिंतीत चिणले गेले. आजही चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर ते शोधता येतात. डेवींचं नाव दगडावर कोरलेलं इतकं जुनं ठिकाण दुसरं नाही. तरी तिथे फारसं कोणी फिरकत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

त्यांच्या मृत्यूचं साल सहसा ५८९ सांगतात, कारण परंपरेनुसार ते १ मार्चला, मंगळवारी गेले, आणि त्या वर्षी १ मार्चला मंगळवार येतो. वेल्सच्या जुन्या बखरवजा नोंदींत मात्र ६०१ साल दिलंय. सहाव्या शतकाचा उत्तरार्ध एवढं धरून चालायला हरकत नाही.

आता चरित्रकाराकडे येऊ. त्याचं नाव रिगिवार्ख. त्याचे वडील सिल्येन हे दोनदा सेंट डेव्हिड्सचे बिशप, म्हणजे त्या भागाचे मुख्य धर्मगुरू, झाले. घर विद्वानांचं, पण काळ वाईट होता. १०८१ मध्ये इंग्लंड जिंकलेला नॉर्मन राजा विल्यम खुद्द सेंट डेव्हिड्सला येऊन गेला. दर्शनासाठी, असं म्हणतात. पण सैन्य घेऊन आलेल्या राजाचं दर्शन वेगळं असतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नॉर्मन सरदारांनी दक्षिण वेल्स गिळायला सुरुवात केली, आणि इंग्लंडमधलं कॅंटरबरीचं मुख्य धर्मपीठ वेल्सच्या बिशपांनी आपल्या हाताखाली यावं म्हणून मागे लागलं. याच धामधुमीत, १०९० च्या दशकात, रिगिवार्खने डेवींचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं. त्यात डेवी आपल्या दोन सोबत्यांसह, टेइलो आणि पादार्न यांच्याबरोबर, थेट जेरुसलेमला जातात आणि तिथले धर्माध्यक्ष त्यांना आर्चबिशप, म्हणजे बिशपांचा प्रमुख, करतात. परत आल्यावर सगळ्या ब्रिटनचे धर्मगुरू त्यांना आपला प्रमुख मानतात. हे कोणाला ऐकवायचं होतं ते सांगायला नको. आमचा अधिकार कॅंटरबरीकडून नव्हे, जेरुसलेमहून आलेला आहे, हा त्या सगळ्याचा रोख. म्हणून जेरुसलेमची यात्रा मी इतिहास म्हणून शिकवत नाही; अकराव्या शतकातल्या एका हतबल माणसाने दाखल केलेला दावा म्हणून शिकवते.

जन्माची कथा याच चरित्रातली, आणि ती मुलांना सांगताना मोठ्यांनी आधी वाचून घ्यावी. केरेडिगियनचा राजा सान्त याने नॉन नावाच्या मुलीवर बळजबरी केली, आणि तिच्या पोटी डेवी जन्मले. मठवासी लेखकाने हे झाकलेलं नाही. नॉनने पुढचं आयुष्य पाव आणि पाण्यावर काढलं, असं तो सांगतो. म्हणजे मुलाच्या तपाची सुरुवात तो आईपासून दाखवतो. प्रसूतीच्या वेळी समुद्रकाठच्या कड्यावर भयंकर वादळ झालं, पण नॉन होती तिथे मात्र लख्ख प्रकाश. वेदनेने तिने शेजारच्या दगडाला धरलं तर तिच्या हातांचे ठसे त्यात उमटले. ते ठिकाण सेंट डेव्हिड्सपासून मैलभर अंतरावर आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. मला या संपूर्ण चरित्रात नॉन सगळ्यांत जास्त आवडते. तिच्यावर अन्याय झाला आणि तिच्या नावाने देऊळ उभं राहिलं; राजा सान्तच्या नावाने कोणी दिवा लावत नाही.

मोठेपणी डेवींनी आल्न नावाच्या छोट्या नदीच्या काठी, ग्लिन रोसिन या दरीत मठाची जागा निवडली. तिथला बोया नावाचा आयरिश सरदार चिडला. त्याची बायको त्याहून चिडली. साधूंना चळवायला तिने दासींना नदीवर उघड्याने पाठवलं, अशी कथा आहे. साधू घाबरून जायला निघाले, डेवी हलले नाहीत. सरदाराचा पुढे निकाल लागला, मठ राहिला.

त्या मठातलं रोजचं जगणं रिगिवार्खने बारकाईने सांगितलंय, आणि माझ्या मते चरित्राचा गाभा तोच आहे. नांगराला बैल नव्हते. साधू स्वतःच्या खांद्यावर जू घेऊन नांगर ओढत. कुदळ, फावडं, कुऱ्हाड हातात, आणि काम चालू असताना अवाक्षर नाही. शेतातून परतल्यावर संध्याकाळपर्यंत वाचन, लेखन, प्रार्थना. संध्याकाळची घंटा वाजली की अक्षर अर्धं लिहून झालं असलं तरी लेखणी खाली ठेवून उठायचं. जेवायला पाव, मीठ घातलेला पाला, प्यायला पाणी. आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना आणि लांबून आलेल्या पाहुण्यांना मात्र याहून बरं अन्न द्यायची मुभा होती. कोणाच्या मालकीचं काही नाही. ‘माझं पुस्तक’ असं तोंडून निघालं तरी प्रायश्चित्त. मठात यायचं असेल त्याला दहा दिवस दाराबाहेर थांबवत आणि आत असणारे त्याला टाकून बोलत. दहा दिवस तो टिकला तर आत. येताना त्याने जवळचं धन आणलं तर तेही घ्यायचं नाही. बुडत्या जहाजातून जीव घेऊन आलेल्या माणसासारखं त्याने रिकाम्या हाताने यावं. खुद्द डेवी प्रार्थनेनंतर थंडगार पाण्यात बराच वेळ उभे राहत. पाण्याशी असलेल्या या नात्यामुळेच त्यांचं टोपणनाव ‘पाणीवाले’ पडलं.

आता यातलं खरं किती? इथे एक महत्त्वाचा साक्षीदार आहे, आणि तो मुळीच भक्त नाही. गिल्डास नावाचा सहाव्या शतकातला ब्रिटिश धर्मगुरू डेवींचा जवळजवळ समकालीन. त्याच्या पत्रांचे काही तुकडे उरले आहेत. त्यांत तो काही कडक व्रतस्थांवर टीका करतो: हे मोजून पाव खातात, पाणी पितात, नांगर ओढतात, जमीन खणतात आणि त्याचाच अभिमान बाळगतात. डेवींचं नाव तो घेत नाही. पण सहाव्या शतकात असे मठ होते, जनावरांऐवजी माणसं नांगर ओढत होती आणि त्यावरून धर्मगुरूंमध्ये वाद होता, हे एका विरोधकाच्या तोंडून कळतं. भक्ताच्या स्तुतीपेक्षा विरोधकाचा राग इतिहासकाराच्या जास्त कामाचा. म्हणूनच रिगिवार्खने मठाच्या जुन्या आठवणींवरून किंवा एखाद्या जुन्या नियमावलीवरून हा भाग लिहिला असावा, असं मला ठामपणे वाटतं. जेरुसलेम त्याच्या गरजेतून आलं, नांगर मठाच्या आठवणीतून आला.

चमत्कार बरेच आहेत. आंधळ्या गुरूला, पॉलिनसला, दृष्टी देणं. विष घातलेल्या पावाचे तीन तुकडे करून एक कुत्रीला, एक कावळ्याला आणि उरलेला स्वतः आशीर्वाद देऊन खाणं, पहिली दोघं मरणं आणि डेवींना काहीच न होणं. मुलीला वर्गात एखादी गोष्ट सांगायची असेल तर मधमाश्यांची शिकवा. मोडोम्नॉक नावाचा आयरिश साधू मठातल्या मधमाश्या सांभाळायचा. मायदेशी जायला तो होडीत बसला तर अख्खं पोळं त्याच्यामागे येऊन होडीवर बसलं. मठाचं नुकसान नको म्हणून तो परत आला, माश्यांना पोहोचवलं, पुन्हा निघाला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही झालं तेव्हा डेवींनी आशीर्वाद देऊन माश्या त्याच्याबरोबर जाऊ दिल्या. चरित्रकार पुढे सांगतो की तेव्हापासून आयर्लंडमध्ये मधमाश्या वाढल्या आणि डेवींच्या मठात कमी झाल्या. आशीर्वाद देऊन स्वतःचं नुकसान पत्करणारा संत मुलांना लगेच कळतो.

सगळ्यांत प्रसिद्ध चमत्कार ह्लानदेवी ब्रेवीचा. पेलॅजियसच्या मताविरुद्ध धर्मसभा भरली होती. माणूस जन्मतः पापी नसतो आणि आपल्या बळावर सदाचाराने वागू शकतो, असं ते मत. पेलॅजियस स्वतः ब्रिटनचाच होता. गर्दी इतकी की बोलणाऱ्याचा आवाज कोणालाच ऐकू जाईना. डेवी बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन वर उचलली जाऊन टेकडी झाली, आणि त्यांचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत गेला. याच कथेत त्यांच्या खांद्यावर पांढरं कबुतर येऊन बसतं; म्हणून चित्रांत, पुतळ्यांत डेवींबरोबर नेहमी कबुतर दिसतं. ब्रेवीचं चर्च खरोखरच एका उंचवट्यावर आहे, आणि भोवती चहूकडे टेकड्याच टेकड्या.

त्यांचं जे वाक्य तुम्हाला आता कार्डिफमध्ये मगवर, फलकांवर, शाळेच्या भिंतीवर दिसेल, ते अखेरच्या प्रवचनातलं मानलं जातं. ‘बंधू-भगिनींनो, आनंदात राहा, श्रद्धा जपा, आणि माझ्याकडून ज्या लहानसहान गोष्टी तुम्ही ऐकल्या-पाहिल्या त्या करत राहा,’ असा त्याचा आशय. हे वाक्य या रूपात रिगिवार्खमध्ये नाही. ते येतं वेल्श भाषेतल्या चरित्रात, आणि त्याची सर्वांत जुनी प्रत १३४६ सालची आहे. ब्रेवीलाच एकांतवासात राहणाऱ्या एका साधूने ती एका गृहस्थासाठी लिहून दिली. आज ती ऑक्सफर्डला जपलेली आहे. म्हणजे डेवी जाऊन जवळजवळ साडेसातशे वर्षं झाल्यावरचं हे लेखन. तरीही मी ते वाक्य टाकून देत नाही. मात्र हल्ली त्याचा अर्थ ‘शेजाऱ्याशी गोड बोला, दार उघडून धरा’ इतका पातळ झालाय. माझ्याकडून ऐकल्या-पाहिल्या म्हणणाऱ्या माणसाकडून लोकांनी काय पाहिलं होतं? न बोलता केलेलं शेतकाम, मीठ-पाला-पावाचं जेवण, आपलं म्हणून काही न ठेवणं. त्यातल्या लहान गोष्टीही सोप्या नव्हत्या. शाळेत मी हे आवर्जून सांगते, आणि मुलं ऐकतात.

संत गेल्यावरचा इतिहासही कमी नाट्यमय नाही. व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या समुद्री लुटारूंनी, मठ पुन्हा पुन्हा लुटला. ९९९ मध्ये बिशप मॉर्गेनाय आणि १०८० मध्ये बिशप अब्राहम त्यांच्या हातून मारले गेले. पुढे नॉर्मनांनी आपला बिशप बसवला, बर्नार्ड. गंमत म्हणजे त्या परक्या बिशपनेच डेवींची बाजू हिरिरीने मांडली. त्याच्याच काळात, ११२० च्या सुमारास, पोप दुसरे कॅलिक्स्टस यांनी डेवींच्या संतपदाला मान्यता दिली, आणि सेंट डेव्हिड्सच्या दोन वाऱ्या म्हणजे रोमची एक, असं यात्रेचं मोल ठरलं. तीन केल्या तर जेरुसलेमची एक, असंही लोक म्हणू लागले. आर्चबिशपपदाचा दावा मात्र बर्नार्डला जिंकता आला नाही. त्यानंतर जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने तो पुन्हा उचलला, ११९८ ते १२०३ या काळात रोमच्या खेपा घातल्या आणि तोही हरला. वेल्सला स्वतःचा आर्चबिशप मिळाला तो थेट १९२० मध्ये, वेल्सचं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झाल्यावर.

सध्याचं कथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, ११८१ मध्ये बांधायला घेतलं. डेवींची समाधी-वेदी १२७५ मध्ये उभी राहिली, आणि १२८४ मध्ये वेल्स जिंकून झाल्यावर पहिला एडवर्ड राजा राणीसह तिथे दर्शनाला आला. जिंकलेल्या देशाच्या संतापुढे जेत्याने येणं, हेही राजकारणच. १५३० च्या दशकात धर्मसुधारणेच्या लाटेत बिशप विल्यम बार्लो आला. त्याने संतांच्या अवशेषांची, म्हणजे हाडांची आणि वस्तूंची, पूजा बंद करायला सांगितली. १५३८ च्या १ मार्चला लोकांनी त्याचं न ऐकता सण साजरा केला आणि अवशेष मांडले. बार्लोने ते जप्त केले आणि वर कळवलं की सापडलं काय, तर चांदीच्या पत्र्यात मढवलेल्या दोन कुजक्या कवट्या, दोन हातांची हाडं आणि किड्यांनी खाल्लेलं एक पुस्तक, त्यालाही चांदीचं आवरण. त्या पुस्तकाचं काय झालं याचा विचार मनातून जात नाही. कवट्या कोणाच्याही असतील, पण ते पुस्तक मठातलं असणार. एकोणिसाव्या शतकात कथीड्रलच्या दुरुस्तीत भिंतीत काही हाडं सापडली आणि ती डेवींची म्हणून पेटीत ठेवली गेली. १९९० च्या दशकात त्यांची कार्बन चाचणी झाली, तेव्हा ती त्यांच्यानंतर पाच-सहाशे वर्षांची निघाली. बार्लोने मोडलेली वेदी २०१२ मध्ये, १ मार्चलाच, नव्या रंगवलेल्या चित्रांसह पुन्हा सजवून खुली झाली. मधोमध डेवी, त्यांच्या खांद्यावर कबुतर; मागच्या बाजूला नॉनही आहे.

आता तुमच्या शाळेच्या दिवसाकडे. लीकबद्दल ऐकाल ते असं, की सॅक्सनांशी लढाईत आपली माणसं ओळखू यावीत म्हणून डेवींनी वेल्श सैनिकांना टोपीत लीक खोचायला सांगितलं. ही कथा बरीच उशिराची आहे, आणि लढाईशी संबंध नसलेल्या साधूला सेनापती करणारी. डेवी लीक खाऊन राहत, असं इंग्रज कवी मायकेल ड्रेटनने १६१२ मध्ये लिहिलं. ते निदान त्यांच्या स्वभावाला धरून आहे. पक्कं एवढंच सांगता येतं की इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या काळी १ मार्चला लीक लावायची रीत राजवाड्यापर्यंत पोहोचलेली होती. वेल्श पलटणीत अजूनही या दिवशी सर्वांत तरुण सैनिकाला कच्चं लीक खावं लागतं. डॅफोडिल खूप नंतरचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ झालेलं. मार्चच्या सुरुवातीला इथे ते सगळीकडे फुललेलं असतं आणि त्याला लीकसारखा वास येत नाही, हे त्याच्या लोकप्रियतेला पुरेसं कारण आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा: डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी असतो. घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. खरं लीक फ्रॉकला टाचलं तर दुपारपर्यंत वर्गभर वास सुटतो, आणि पहिलीतली मुलं ते चावतात. कापडी डॅफोडिल लावलं तरी कोणी काही म्हणत नाही.

पोशाखाचं काम सोपं आहे. उंच काळी टोपी, लाल शाल, चौकड्यांचा घागरा आणि पांढरा एप्रन हे जे ‘पारंपरिक’ रूप आहे, ते गावाकडच्या बायकांच्या जुन्या कपड्यांवरून एकोणिसाव्या शतकात ठरून गेलं. ऑगस्टा हॉल, म्हणजे लेडी ह्लानोवर यांनी १८३४ मध्ये वेल्श भाषा आणि पोशाख यांवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं आणि पुढे आयुष्यभर त्याचा पाठपुरावा केला. त्यामुळे सुपरमार्केटमधला तयार संच आणला नाही तरी बिघडत नाही. लाल शाल किंवा ओढणी खांद्यावरून घेऊन पुढे पिन लावली तर ती मूळ पोशाखाच्या जास्त जवळ जाते. मुलगे वास्कट आणि चपटी टोपी घालतात, नाहीतर सरळ वेल्सची रग्बी जर्सी. शाळेत बहुधा आइस्टेदवॉद असेल, म्हणजे गाणी, पाठांतर, कविता यांच्या स्पर्धा. जेवणात काउल मिळेल: बटाटा, गाजर, स्वीड (सलगमसारखा कंद) आणि लीक घालून शिजवलेलं मटणाचं पातळ कालवण. शाकाहारी असाल तर शाळेला आधी कळवा, बिनमटणाचं काउलही करतात.

सुट्टी मात्र नसेल. वेल्सच्या विधानसभेने २००० मध्ये एकमताने सुट्टी मागितली, लंडनच्या सरकारने २००२ मध्ये नाकारली. २०२२ पासून उत्तर वेल्समधल्या ग्विनेद कौन्सिलसारख्या काहींनी आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतःहून दिवस द्यायला सुरुवात केली. माझं मत स्पष्ट आहे: सुट्टी द्यायलाच हवी, पण शाळांतला कार्यक्रम जाता कामा नये, तो आदल्या दिवशी घ्यावा. कार्डिफमध्ये २००४ पासून मिरवणूक निघते. काळ्यावर पिवळा क्रूस असलेले झेंडे तिथे दिसतील, तो डेवींचा झेंडा.

तुम्ही पुण्याचे म्हणून एक धागा सांगते. तमिळनाडूत कडलूरजवळ समुद्रकाठी फोर्ट सेंट डेव्हिड नावाचा किल्ला आहे. जिंजीला छत्रपती राजाराम महाराज होते आणि मोगल फौजा त्यांच्यावर चालून येत होत्या, त्या धामधुमीत १६९० मध्ये मराठ्यांनी तो ईस्ट इंडिया कंपनीला विकला. घेणारा मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल. त्याचं घराणं वेल्सच्या रेक्समजवळचं, आणि किल्ल्याचं नाव वेल्सच्या संतावरून पडलं असं मानतात. व्यवहार असा ठरला की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथवर जाईल तिथवरची गावं कंपनीची. ती गावं पुढे ‘गुंडू ग्रामम्’, तोफगोळ्याची गावं, म्हणून ओळखली गेली. पुढे १७४६ ते १७५२ कंपनीचा दक्षिणेतला कारभार याच किल्ल्यातून चालला. स्वतःचं पुस्तकही नको म्हणणाऱ्या साधूचं नाव तोफेने गावं मोजून घेणाऱ्या किल्ल्याला लागलं, याचा मला राग येतो. येलची कबर रेक्समच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात आहे. तिकडे गेलात तर बघा.

आणि हो, सेंट डेव्हिड्सला नक्की जा. कथीड्रलमुळे हे शहर म्हणवतं, पण लोकवस्ती दोन हजारांच्या आत. ब्रिटनमधलं सर्वांत लहान शहर. सकाळी आधी सेंट नॉन्सला चालत जा. शेतात पडक्या देवळाच्या चार भिंती आहेत, आत क्रूस कोरलेली जुनी शिळा टेकवून ठेवलेली आहे, जवळच कमानीखाली झरा आहे आणि पलीकडे १९३४ मध्ये बांधलेलं लहानसं देऊळ. किनाऱ्याची पायवाट तिथूनच जाते. पश्चिमेकडे अर्धा-पाऊण तास चाललात की पोर्थक्लाइसचं चिमुकलं बंदर लागतं, डेवींचा बाप्तिस्मा तिथे झाला असं सांगतात. तिथून वर गावात या. कथीड्रल खोलगट जागेत आहे, वेशीतून खाली पायऱ्या उतरून जावं लागतं. आत गेलात की आधी जमिनीकडे बघा: ती पश्चिमेकडून वेदीकडे चढत जाते आणि खांब बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, कारण दलदलीची जागा आणि तेराव्या शतकातला भूकंप. मग छताकडे, ओक लाकडाचं कोरीव काम सोळाव्या शतकातलं आहे. डेवींची वेदी डाव्या अंगाला आहे. मुख्य वेदीसमोर एडमंड ट्यूडरची कबर आहे, इंग्लंडचा पहिला ट्यूडर राजा सातवा हेन्री याचा बाप. बाहेर ओढ्यापलीकडे बिशप हेन्री गॉवरने चौदाव्या शतकात वाढवलेला वाडा, आता छत नसलेला. मुलीला तो सगळ्यांत जास्त आवडेल.

रेल्वे हॅवरफर्डवेस्टपर्यंतच जाते. पुढे साधारण १६ मैल बसने. १ मार्चला गावात मुलांची मिरवणूक असते आणि गर्दीही. मुलीची शाळा चुकवू नका, त्यानंतरचा शनिवार गाठा. रविवारी बसगाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ निघण्याआधीच पाहून ठेवा, आणि वारा फार असतो तेव्हा छत्रीऐवजी रेनकोट घ्या.